दोन्ही बॅक पुढं

सामना सुरू झाला की इतर शाळांचे सर मधल्या रेषेपाशी उभे राहायचे. तिथून चेंडू नीट दिसतो आणि पंचांशी भांडायलाही सोयीचं पडतं. आमच्या बाई मात्र पहिली शिट्टी झाली की पदर खोचायच्या आणि पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांनी धूळ उडवत थेट आमच्याच गोलच्या मागं जाऊन उभ्या राहायच्या. राहुरीच्या एका सामन्यात पंचांनी त्यांना हटकलं. म्हणाले, ताई, पालकांनी तिकडं सावलीत बसायचं. बाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं की मी पालक नाही, प्रशिक्षक आहे. पोरी पुढं गेल्यावर मागं जी जागा मोकळी पडते तिच्यावर नजर ठेवायला मी इथं उभी आहे, चेंडूवर नजर ठेवायला सगळं गाव आलेलं आहे. पंच शिट्टी तोंडात धरून मधल्या रेषेकडं परत गेले.

आणि जागा मोकळी पडायचीच. बाईंच्या खेळात मागं थांबायच्या फक्त मधल्या दोन बॅक आणि गोली. कडेच्या दोन्ही बॅक, म्हणजे डावीकडून मी आणि उजवीकडून सुलभा, चेंडू आपल्या संघाकडं आला रे आला की पुढं सुटायच्या. समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपर्यंत जायचं, तिथून चेंडू गोलसमोर द्यायचा आणि आलो तसं धावत परत यायचं. इतर शाळांच्या बॅक गोलसमोर ठाण मांडून असायच्या. चेंडू आला की लाथ मारून लांब घालवायचा आणि परत कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, एवढंच त्यांचं काम. सुलभा म्हणायची, आपल्याला का गं असलं सुख नाही?

देवळाली प्रवऱ्याच्या आमच्या शाळेत बाई विज्ञान शिकवायच्या. खेळाशी त्यांचा कागदोपत्री काही संबंध नव्हता. खेळाचे सर वेगळे होते, त्यांना मुलांच्या कबड्डीतून मान वर करायला वेळ नव्हता, म्हणून मुलींचा फुटबॉल बाईंनी मागून घेतला. मागून घेतला म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर रोज मधल्या सुट्टीत जाऊन उभ्या राहिल्या. काही बोलायच्या नाहीत, नुसत्या उभ्या. शेवटी मुख्याध्यापकांनीच हात जोडले.

त्यांचं माहेर नगरचं. लष्करी कॅम्पाच्या बाजूला वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि दुकानामागच्या भिंतीपलीकडं जवानांचं मैदान. लहानपणी बाई त्या भिंतीवर बसून रोज संध्याकाळी सामने बघायच्या. खाली उतरून खेळायची परवानगी नव्हती. भिंत मैदानाच्या कडेला होती, त्यामुळं त्यांना सगळ्यात जवळून दिसायचा तो कडेचा बॅक. त्याचा दम, त्याच्या शिव्या, त्याच्या बुटाला लागलेली माती, सगळं त्यांना ठाऊक. गोल करणारे लांब कुठंतरी ठिपक्याएवढे असायचे. मला आजही वाटतं, ती भिंत गोलच्या मागं असती तर बाईंनी आमचं आयुष्य थोडं सुखाचं केलं असतं. पण ती कडेला होती, आणि तिची शिक्षा मी आणि सुलभा भोगत होतो.

बाई आम्हाला नावानं हाक मारत नसत. मी डावी, सुलभा उजवी. वर्गातसुद्धा तेच. "डावे, पचनसंस्थेचे भाग सांग." नवीन आलेल्या मुलींना वाटायचं, ही डाव्या हातानं लिहिते की काय. मी चांगली उजव्या हाताची. गोली मीना होती, तिला त्या 'मीना' म्हणायच्या, कारण, त्यांच्या मते, गोलीची जागा कधी बदलत नाही म्हणून तिला नाव असायला हरकत नाही. या तर्काला काय म्हणावं ते देवाला माहीत.

लग्नाच्या पंगतीत बाईंच्या शेजारी बसायला कुणी धजायचं नाही. ताटात वाढून झालं की त्यांचा हात चालू व्हायचा. मीठ आणि लिंबाची फोड मागं, चटणी डावीकडून वर, कोशिंबीर उजवीकडून वर, मधे बटाट्याची भाजी. मग भातात बोटानं रस्ता काढून चटणी थेट वरणाच्या वाटीपर्यंत नेऊन ठेवायच्या आणि शेजारच्या बाईला विचारायच्या, "आता सांगा, चटणीच्या मागं कोण आहे?" शेजारची बिचारी म्हणायची, मीठ. "मीठ एकटं पुरेल?" एकदा नवरीची आत्या म्हणाली, बाई, जेवा आता, जिलबी गार होतीये. बाईंनी जिलबी उचलली आणि ती गोलच्या जागी ठेवली.

पण हे सगळं हसण्यावारी नेऊ नका. बाईंना आपल्या खेळातला दोष माहीत नव्हता असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. एके दिवशी त्यांनी प्रयोगशाळेत आम्हा सगळ्यांना बसवलं आणि फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे, अगदी आम्लाचे उपयोग लिहावेत तसं. फायद्यांत लिहिलं की दोन्ही कडांनी माणसं वर गेल्यामुळं समोरच्यांना मैदानभर पांगावं लागतं आणि मध्ये फट पडते. त्यांच्या कडेच्या फॉरवर्ड पोरींना आपल्यामागं धावत मागं यावं लागतं, म्हणजे त्या हल्ला करायच्याच विसरतात. आपल्या पोरी अंगानं लहान आहेत, धक्काबुक्कीत टिकणार नाहीत, पण धावण्यात कुणाला ऐकणार नाहीत. मग तोट्यांकडं वळल्या. चेंडू गेला तर मागं दोघीच. गोलीला पुढं येऊन खेळावं लागतं. कडेच्या पोरींचा दम लवकर संपतो. चिखलात परत यायला उशीर होतो. शहाण्या संघाला आपली युक्ती कळली की ते मुद्दाम चेंडू आपल्याला देतात आणि आपण पुढं गेलो की मागं टाकतात. खडू फळ्याच्या तळाला टेकला तरी बाई लिहीतच होत्या. तोट्यांची बाजू चांगली लांबलचक झाली.

मीनानं भीत भीत विचारलं, बाई, मग आपण असं कशाला खेळायचं?

बाईंनी हातावरचा खडू झटकला. "हे सगळे तोटे खरे आहेत. एकही खोटा नाही. आणि आपण असंच खेळणार आहोत. ज्या दारानं आपण बाहेर पडतो त्याच दारानं चोर आत येतो, म्हणून काय जन्मभर घरात बसायचं?"

आमच्या आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे काही पटायचं नाही. आमची कालव्याखालची शेती, बरीचशी उसाची. आण्णा सामना बघायला आले की सायकल उभी करून कडेला उकिडवे बसायचे आणि मी वर निघाले की ओरडायचे, "मागं थांब गं." एकदा सामना संपल्यावर ते सरळ बाईंकडं गेले. म्हणाले, "बाई, मला त्यातलं काय कळत न्हाई. पन दोगीबी पुढं गेल्यावर मागं कोन ऱ्हातंय?"

"मी असते की," बाई म्हणाल्या.

आण्णा घरी येईपर्यंत बडबडत होते. आईला म्हणाले, बाई हुशार हाय पण डोक्यानं जरा सरकलेली हाय. आई म्हणाली, पोरगी सकाळी हाकेसरशी उठायला लागली, तेवढं तरी झालं ना.

आमचा एक दोष मात्र बाईंच्या फळ्यावर नव्हता आणि तोच आम्हाला सारखा नडत होता. माझ्यामागं चेंडू पडला की मागच्या सगळ्या पोरी एकदम त्या बाजूला धावायच्या. मधल्या दोघी तर धावायच्याच, पण पार पलीकडच्या कडेची सुलभासुद्धा मैदान ओलांडून यायची. समोरची पोरगी मग आरामात चेंडू पलीकडं द्यायची आणि तिथं उभी असलेली गोल करायची. सुलभाकडून गेला की तीच गोष्ट, मी धावायचे. बाईंनी समजावलं, रागावल्या, फळ्यावर काढलं, गारगोट्या मांडून दाखवलं. आम्हाला सगळं कळायचं. मैदानात उतरलो की पुन्हा तेच. बाईंना वाटायचं, आम्ही घाबरतो.

त्याचा उलगडा आमच्याच रानात झाला. भंडारदरा धरणाच्या पाण्याचं आवर्तन सुटलं होतं, कालव्याला पाणी आलं होतं आणि आमची पाणी घ्यायची पाळी दिवसाची होती. अशा वेळी सराव वगैरे कुणी विचारत नाही. घरातली सगळी माणसं दारं धरायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायला, रानात. मी तिसऱ्या दिवशीही मैदानावर दिसले नाही म्हणून बाई गाडी घेऊन थेट बांधावर आल्या. आल्या तशा बोलायला सुरुवात केली. आण्णांना म्हणाल्या, तुमचा ऊस उद्याही तिथंच असेल, माझी डावी मला आज हवी. आण्णा काही बोलणार तोच वरच्या बाजूनं आई ओरडली, "फुटलं."

रानात पाणी आणणारा पाट फुटला होता. आमच्याकडं पाट फुटला की विचार करायचा नसतो. हातातलं टाकायचं आणि फुटल्या जागी धावायचं. आण्णा धावले, मी धावले, भाऊ धावला, शेजारच्या रानातले दोघं फावडी घेऊन धावले, आणि मागं बघते तर बाईही धावत होत्या, साडी गुडघ्यापर्यंत धरून. सगळ्यांनी मिळून माती ओढली, गवताचा पेंढा दाबला, गोणपाट टाकलं. बाईंचे पांढरे बूट चिखलात पार बुडाले. पाणी थांबलं. आणि बांधावर टेकलेल्या बाई अचानक हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आईला वाटलं, यांना ऊन लागलं.

"अगं डावे," त्या म्हणाल्या, "तुम्ही घाबरून धावत नाही. तुम्ही फुटलं म्हणून धावता."

खरंच होतं ते. संघातल्या जवळजवळ सगळ्या पोरी पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या. चालता यायला लागल्यापासून आम्हाला हेच शिकवलेलं, की फुटलं तिथं सगळ्यांनी धावायचं. त्यात ना आमची चूक होती ना आमच्या आईबापांची. रानात ते बरोबरच होतं. मैदानात मात्र फुटलेल्या जागी एकीनंच जायचं आणि बाकीच्यांनी पाणी पुढं कुठं जाईल तिथं जाऊन थांबायचं, हे बाईंनी त्या दिवसापासून आमच्या डोक्यात घालायला सुरुवात केली. सराव करताना त्या स्वतः "फुटलं" म्हणून ओरडायच्या आणि जी उगाच धावेल तिला मैदानाला फेऱ्या. सुरुवातीला सगळ्यांनाच फेऱ्या. हळूहळू पाय आवरायला लागले. पण आतून जे काही उसळायचं ते आवरणं फार कठीण होतं, एवढं मी सांगू शकते. शिकलेलं विसरण्यापेक्षा नवीन शिकणं केव्हाही सोपं.

एवढ्यात संस्थेच्या अध्यक्षांनी बाईंना बोलावून घेतलं. अध्यक्षांना सगळे आबा म्हणायचे. आबा माणूस वाईट नव्हते, पण त्यांना हसू झालेलं खपायचं नाही. आदल्या दोन वर्षी आम्ही जिल्ह्याला जाऊन सपाटून मार खाल्ला होता आणि चौकात पोरं म्हणायची, आपल्या पोरी गोल करायला जात नाहीत, गोण्या भरून गोल आणायला जातात. आबांनी बाईंना साफ सांगितलं. यंदा जिल्ह्याला गटातून पुढं गेलात तर संघ राहील. नाही तर पुढच्या वर्षीपासून मुलींना लेझीम. लेझमीत कुणी हरत नाही. बाईंनी हे आम्हाला जसंच्या तसं येऊन सांगितलं. त्यांच्या आवाजात रडगाणं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांनी वर्गात कुणालाच प्रश्न विचारला नाही.

मला तो संघ हवा होता. साधं कारण सांगते. घर, रान आणि शाळा यांच्या बाहेर मला माझी म्हणून दुसरी जागा नव्हती. मैदानाची ती डावी कड माझी होती. तिच्यावर कुठं खड्डा आहे, कुठं हराळीचं गवत आहे, हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. ती जाणार या कल्पनेनं माझं जेवण उडालं होतं.

नगरला पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसरा, गटातला शेवटचा, नगरच्याच एका मोठ्या शाळेशी होता. त्यांच्या पोरी उंच, पायात खिळ्यांचे बूट. तो सामना नुसता बरोबरीत सुटला तरी आम्ही पुढं जाणार होतो. हे कळल्यावर आम्ही सगळ्या आदल्या दिवशी बाईंकडं गेलो. बोलायचं काम सुलभावर टाकलं होतं.

"बाई, उद्या फकस्त बरोबरी केली तरी संघ ऱ्हातोय," सुलभा म्हणाली. "उद्याचा एक दिवस आमाला मागं थांबू द्या."

बाई पेपर तपासत होत्या. हातातला पेपर त्यांनी पुरा तपासला. मग चष्मा काढला.

"समजा, मागं थांबून उद्या संघ वाचवला. मग परवा? परवाही वाचवायचाच असणार. मग रोजच मागं थांबायचं." त्यांनी आमच्याकडं एकेकीकडं पाहिलं. "तुम्हाला थांबावंसं वाटलं तर थांबा. मैदानात तुम्ही असणार, मी गोलच्या मागं. मी रागावणार नाही. पण थांबा म्हणून मी सांगणार नाही."

आम्ही बाहेर आलो. मीना म्हणाली, ह्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला तेच वाटत होतं. शिव्या देणाऱ्या माणसाचं ऐकायचं की नाही हे ठरवणं सोपं असतं.

सामन्यात सुरुवातीला मी थांबले, हे खरं. सुलभाही थांबली. नगरच्या पोरींनी आम्हाला आमच्याच गोलसमोर कोंडून धरलं. चेंडू घालवला की परत यायचा, घालवला की परत यायचा. मीनानं दोन चेंडू पोटाशी धरले. मग केव्हातरी सुलभाला राहवलं नाही. उजवीकडून ती जी सुटली ती थेट शेवटच्या रेषेपर्यंत. तिच्यामागं धावणारी नगरची पोरगी वाटेत पडली. सुलभानं चेंडू मध्ये टाकला आणि आमच्या फॉरवर्डनं नुसता पाय लावला. गोल. कडेला आण्णा उभे होते. त्यांनी टोपी काढून हवेत उडवली आणि मग इकडंतिकडं बघत गुपचूप उचलून घातली.

त्यानंतर आम्ही बाईंचाच खेळ खेळलो. एकदा माझ्यामागं चेंडू पडला, कुणीतरी "फुटलं" म्हणून ओरडलं, आणि फक्त एकच बॅक त्या बाजूला गेली. बाकीच्या आपापल्या जागी. नगरच्या पोरीनं चेंडू पलीकडं दिला तेव्हा तिथं सुलभा उभीच होती. गोलच्या मागून एकच टाळी ऐकू आली. बाईंची टाळी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली, आणि मला इतका आनंद झाला की क्षणभर मी कुठं उभी आहे तेच विसरले.

पुढं त्यांनी कॉर्नरवरून बरोबरी केली. त्या गोलाशी आमच्या पद्धतीचा काडीचा संबंध नव्हता, त्यांची पोरगी उंच होती, संपलं. वेळ थोडाच उरला होता. बरोबरी झाली होती आणि बरोबरी पुरत होती. तेवढ्यात चेंडू माझ्या पायात आला आणि समोरची डावी कड मोकळी दिसली. अगदी झाडून ठेवल्यासारखी. आण्णा ओरडले ते मला ऐकू आलं. मी मागं वळून गोलकडं पाहिलं. बाई जाळीमागं हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली नाही, हात हलवला नाही. मी गेले.

आजही कुणी विचारलं तर मी सांगते, मला त्याचा पस्तावा नाही. मी चेंडू चांगला टाकला होता. त्यांच्या गोलीनं तो चांगला पकडला, आणि तिच्यात डोकं होतं म्हणून तिनं त्याच क्षणी तो माझ्या मोकळ्या जागेत भिरकावला. मी वळून जिवाच्या आकांतानं धावत होते. पुढ्यात सगळं दिसत होतं आणि हाती काही नव्हतं. कुणीतरी किंचाळलं, "फुटलं."

आणि सगळ्या धावल्या. इतके दिवस घेतलेल्या फेऱ्या, बाईंचं ओरडणं, सगळं त्या एका शब्दात वाहून गेलं. मधल्या दोघी, मधल्या फळीतल्या हाफ, आणि पार पलीकडून सुलभा. जीव तोडून धावली ती. मला मागून दिसत होतं की अख्खा संघ एका बाजूला गोळा झालाय आणि पलीकडं नगरची एक पोरगी एकटी हात वर करून उभी आहे. चेंडू तिच्याकडं गेला. मीनाचा काही दोष नव्हता.

चेंडू जाळीला लागून खालून बाहेर आला आणि बाईंच्या पायाशी थांबला. मीना गुडघ्यात डोकं घालून रडायला लागली होती. बाईंनी जाळीखालून चेंडू आत सरकवला आणि म्हणाल्या, "मीना, रड नंतर. आधी चेंडू मध्ये पाठव, वेळ आहे अजून." वेळ होता तेवढा आम्ही धावलो. त्यात काही झालं नाही.

परतीच्या टेम्पोत आम्ही दाटीवाटीनं बसलो. सुलभा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "माजे पायच ऐकत न्हाईत गं." बाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. सोमवारी चेंडूंच्या खोलीला कुलूप लागलं आणि व्हरांड्यात नव्याकोऱ्या लेझमी येऊन पडल्या. बाईंनी आबांशी वाद घातला नाही, मुख्याध्यापकांच्या दाराशी उभ्या राहिल्या नाहीत. मला तर वाटलं, बाई खचल्या. त्याचं मला हरण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

बाई आता नगरला असतात, निवृत्त होऊन, गुडघ्याला पट्टा बांधून. मी राहात्याला. मोठे सामने असले की बाई मोबाईलवर बघतात आणि मला फोन करतात. अलीकडं जगातले मोठमोठे संघ दोन्ही बॅक सर्रास पुढं पाठवतात, यावर त्यांचं एकच म्हणणं असतं की मला कुणी विचारलं नाही. मग मागं मोकळ्या राहिलेल्या जागेबद्दल पाऊण तास बोलतात. मी भाजी चिरता चिरता ऐकते. त्या खचणारातल्या नव्हेत हे मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं.

शाळेत लेझमी आल्या त्या आठवड्यात आमच्या घरामागचा ऊस तुटून गेला होता. आण्णांना तिथं लगेच नांगर घालायचा होता. एका संध्याकाळी ते धोतर नीट करून बाईंच्या घरी गेले, मला सोबत घेऊन. चहा झाला, पाण्यापावसाच्या गोष्टी झाल्या. शेवटी टोपी मांडीवर ठेवून म्हणाले, "बाई, तुमची पद्दत मला पटत न्हाई. आजबी न्हाई. दोगी पुढं धाडनं चुकीचंच हाय."

बाई म्हणाल्या, "हो, त्यात तोटा आहेच."

"पन आमचं रान मोकळं हाय. नांगर मी पुढं ढकलतो. पोरी खेळूंद्या."

बाईंनी उठून दुसऱ्यांदा चहा टाकला. आत त्यांना बराच वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते, आणि आण्णांनी ते न पाहिल्यासारखं केलं. मला आण्णांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

उसाची खोडकं पायात रुततात. आई, आण्णा, सुलभाची आई आणि आम्ही पोरींनी मिळून ती खोदून काढली, सऱ्या मोडून जमीन सपाट केली. बांबूचे गोल उभे केले. बाईंनी स्वतःचा चेंडू आणला आणि चुन्याच्या फक्कीनं रेषा मारल्या, त्या वाकड्या झाल्या. किती पोरी येतील याची मला धाकधूक होती. सगळ्या आल्या. लेझीम चुकवून आल्या.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी आबांची गाडी बांधापाशी थांबली. आबा उतरून आत आले, सगळीकडं बघितलं. आण्णांना नमस्कार केला. मग बाईंना म्हणाले, शाळेचं नाव लावून तुम्हाला कुठंही खेळता येणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

"नको नाव," बाई म्हणाल्या. "नाव नसलं म्हणजे बंदही करता येत नाही."

आबा काहीतरी बोलणार होते. चेंडू तेवढ्यात सुलभानं अडवला होता आणि ती मान वर करून मला शोधत होती. बाईंनी ते पाहिलं.

"आबा, तुम्ही कडेच्या रेषेवर उभे आहात," त्या म्हणाल्या. "तिथून माझी डावी येणार आहे. जरा सरका."

आबा सरकले, आणि मी निघाले.